शाळेचा अभ्यास मोबाइलवर: मुलांची झोप, डोळे आणि मन कसे सांभाळाल?

गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. प्रकल्पाची माहिती यूट्यूबवर शोधली जाते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचा व्हिडिओ सुरू होतो. त्यामुळे ‘मोबाइलला हात लावायचा नाही’ हा नियम आज फारशा घरांत टिकत नाही. उलट ‘अभ्यास करतोय’ म्हणून घेतलेला फोन दीड तासाने परत येतो आणि त्यात प्रत्यक्ष अभ्यास किती झाला, हे मुलालाही सांगता येत नाही.

डोकेदुखी, डोळे चोळणे, वर्गात पेंगणे, चिडचिड अशा तक्रारी घेऊन पालक येतात, तेव्हा मी सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारतो. मूल किती वाजता झोपते? आणि रात्री फोन कुठे असतो? बऱ्याचदा निम्मे निदान इथेच होते.

आधी तीन कामे वेगळी करा

फोनवर तीन वेगळी कामे होतात: शाळेच्या सूचना, अभ्यास आणि करमणूक. ती एकत्र आली की अडचण सुरू होते.

- सूचना: वर्गाच्या ग्रुपवर मुलाऐवजी पालकाचा नंबर द्या. गृहपाठ मुलाने वहीत उतरवून घ्यावा आणि फोन बाजूला ठेवावा.
- अभ्यास: फोन घेण्याआधी काय पाहायचे ते ठरवा. उदाहरणार्थ, ‘अपूर्णांकांचा एक व्हिडिओ, १५ मिनिटे’. इतर ॲपच्या नोटिफिकेशन बंद ठेवा. लक्ष एकदा विचलित झाले की ते पुन्हा अभ्यासात लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे.
- करमणूक: तिची वेळ वेगळी आणि ठरलेली असावी.

किती वेळ योग्य?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीला दिवसात ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीला तशीच चार सत्रे सांगितली होती. शाळा आता वर्गात भरते, पण ऑनलाइन शिकवणी लावताना हे प्रमाण आजही उपयोगी पडते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊ नये, २ ते ५ वयात एक तासाच्या आत आणि ५ ते १० वयात दोन तासांच्या आत ठेवावी.

मात्र नुसते तास मोजू नका. फोनमुळे झोप, खेळ, जेवण किंवा घरातले बोलणे यांपैकी काय कमी झाले, ते पाहा.

झोप: सर्वांत मोठे नुकसान

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक कमी करतो. त्याहून मोठे कारण म्हणजे ‘अजून एक रील’ आणि मित्रांचे मेसेज. दिवसभर वाचलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. त्यामुळे जागून केलेला अभ्यास डोक्यात कमीच राहतो.

झोपण्याच्या तासभर आधी फोन बंद करा आणि रात्री तो मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गजरासाठी साधे घड्याळ आणा.

डोळे, मान आणि पाठ

‘मोबाइलमुळे चष्मा लागतो का?’ हा नेहमीचा प्रश्न. सतत जवळचे पाहणे आणि उन्हा-उजेडात कमी खेळणे, या दोन्हींमुळे दूरचे धूसर दिसण्याचा म्हणजे मायोपियाचा धोका वाढतो. रोज साधारण दोन तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये तो धोका कमी दिसतो.

- दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायला सांगा.
- पडून किंवा अंधारात फोन पाहू देऊ नका. शक्य असल्यास व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावा.
- निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, याला ठोस पुरावा नाही. त्यावर खर्च करण्याची गरज नाही.

समाजमाध्यमे आणि वर्गातले ग्रुप

इन्स्टाग्रामवर खाते उघडण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. जन्मवर्ष खोटे टाकून खाते उघडून देऊ नका. वर्गमित्रांच्या खासगी ग्रुपमध्ये टोपणनावे, फोटोंवरून चेष्टा, एखाद्याला ग्रुपमधून काढणे असे प्रकार होतात. मोठ्यांना ते किरकोळ वाटते, पण त्या मुलाला उद्या त्याच वर्गात बसायचे असते. शाळेत जायच्या वेळी रोज पोटात दुखत असेल, तर हाही विचार करा.

असे काही कळल्यास मुलावर ओरडू नका आणि लगेच फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, त्या व्यक्तीला ब्लॉक करा आणि शाळेशी बोला. धमकी किंवा फोटोचा गैरवापर असेल, तर चाइल्डलाइन १०९८ किंवा सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा.

शाळेशी काय बोलाल?

पालकसभेत या तीन गोष्टी मांडा: सूचना संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी याव्यात, गुण किंवा चुका सर्वांच्या ग्रुपवर टाकू नयेत आणि मुलांचे फोटो पालकांना विचारून वापरावेत.

नियम सर्वांसाठी

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात मोठी माणसेही सामील होती. घरातही हेच लागू पडते. जेवताना बाबांच्या हातात फोन असेल, तर मुलाला सांगून उपयोग नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- डोकेदुखी वारंवार होत असेल, फळ्यावरचे दिसत नसेल किंवा मूल डोळे बारीक करून पाहत असेल
- दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली असेल
- फोन काढून घेतल्यावर मारहाण, तोडफोड होत असेल
- मूल एकटे राहू लागले असेल, गुण अचानक घसरले असतील

‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल बोलले, तर वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते.

सगळे नियम एकदम लावू नका. आज रात्रीपासून घरातले सगळे फोन एकाच जागी, झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. आठवडाभराने मूल सकाळी किती सहज उठते ते पाहा, मग पुढचा नियम ठरवा.