चान्स द रॅपर

चान्स द रॅपर : (१६ एप्रिल १९९३). अमेरिकन रॅपर, गायक, गीतलेखक व संगीतनिर्माते. मूळ नाव चान्सलर जोनाथन बेनेट. ध्वनिमुद्रण कंपनीशी करार न करता, मोफत मिक्सटेपांच्या बळावर त्यांनी जगभर नाव मिळवले. त्यांचे शिक्षण व सुरुवातीची कलासाधना शिकागो शहरातील सार्वजनिक शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाली. पुढे शहरातील सार्वजनिक शाळांच्या निधीसाठी त्यांनी उघड भूमिका घेतली आणि स्वतःचा पैसाही दिला.

बालपण व कुटुंब : चान्स यांचा जन्म इलिनॉय राज्यातील शिकागो येथे झाला. शहराच्या दक्षिण भागातील, म्हणजे साउथ साइडवरील, वेस्ट चॅटम या कृष्णवर्णीय मध्यमवर्गीयांच्या वस्तीत ते वाढले. वडील केन विल्यम्स-बेनेट यांनी शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन आणि त्यानंतर सिनेटर असताना बराक ओबामा यांच्याकडे काम केले होते. आई लिसा राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात नोकरीला होत्या. धाकटे बंधू टेलर बेनेट हेही रॅपर आहेत. मुलाने शिकून शासकीय सेवेत किंवा राजकारणात यावे, अशा वातावरणात वाढलेल्या चान्स यांना रॅपची गोडी लागली ती कान्ये वेस्ट यांच्या ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ (२००४) या अल्बममुळे. साउथ साइडवरच वाढलेला एक तरुण चर्च, शिक्षण आणि नोकरी यांवर रॅप करतो, ही गोष्ट त्यांना जवळची वाटली. घरात व चर्चमध्ये कानावर पडलेले गॉस्पेल संगीतही त्यांच्या गाण्यांत कायम राहिले.

शालेय शिक्षण : चान्स यांचे माध्यमिक शिक्षण शहराच्या मध्यभागी, स्टेट स्ट्रीटवरील जोन्स कॉलेज प्रेप या शाळेत झाले. ही शाळा शिकागो पब्लिक स्कूल्स या शहराच्या शालेय यंत्रणेची. शिक्षण मोफत असले तरी प्रवेश गुणवत्तेवर मिळतो, त्यामुळे शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतली मुले येथे एकत्र येतात. शाळेत असतानाच चान्स यांनी एका मित्रासोबत ‘इन्स्ट्रुमेंटॅलिटी’ या नावाने जोडगोळी करून गाणी रचायला सुरुवात केली.

शेवटच्या वर्षी, २०११ मध्ये, शाळेच्या आवारात गांजा बाळगल्याबद्दल त्यांना दहा दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. हे दहा दिवस त्यांनी गाणी लिहिण्यात घालवले. त्यातून सुरू झालेले काम वर्षभर चालले आणि ३ एप्रिल २०१२ रोजी ‘टेन डे’ या नावाने प्रसिद्ध झाले. पहिल्या मिक्सटेपला शिक्षेच्या मुदतीचेच नाव देऊन त्यांनी शाळा हाच आपल्या लेखनाचा पहिला विषय केला. वर्ग, पालकांची काळजी, मित्रांची टोळी आणि पदवीदान समारंभापर्यंत पोहोचण्याची धडपड हे या गाण्यांचे विश्व आहे.

वाचनालयातील जडणघडण : शाळेपासून दोन-तीन चौक पुढे, त्याच रस्त्यावर, हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररी हे शिकागोचे मुख्य सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे २००९ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीने ‘यूमीडिया’ हा किशोरवयीनांसाठीचा विभाग सुरू झाला. वाचनालयाचे कार्ड असलेल्या शाळकरी मुलांना येथे संगणक, कॅमेरे, वाद्ये आणि छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ विनामूल्य वापरता येतो. बाहेर तासाच्या भाड्याने मिळणारी साधने येथे शाळा सुटल्यावर या मुलांना खुली होती. चान्स यांच्या सुरुवातीच्या मुद्रणांना या स्टुडिओचा आधार मिळाला.

याच विभागात ‘लिरिसिस्ट लॉफ्ट’ ही खुल्या मंचाची संध्याकाळ भरत असे. मुले माइकसमोर येऊन कविता, रॅप किंवा गाणे सादर करीत. ‘ब्रदर माइक’ या नावाने ओळखले जाणारे कवी व मार्गदर्शक माइक हॉकिन्स तिचे सूत्रधार होते. मुलांचे लेखन ऐकणे, त्यातले कच्चे दुवे दाखवणे आणि पुढच्या वेळी परत बोलावणे हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. ‘यंग शिकागो ऑथर्स’ ही संस्था आणि तिची ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ ही आंतरशालेय काव्यस्पर्धा यांनीही शहरातील तरुण कवींना व्यासपीठ दिले. चान्स यांच्यासह नोनेम, साबा, मिक जेन्किन्स, जमिला वुड्स अशी शिकागोच्या कवी-रॅपरांची पिढी या वर्तुळात घडली. व्हिक मेन्सा, जोई पर्प आदी मित्रांचा ‘सेव्हमनी’ हा गटही याच काळातला. पुढे हे कलाकार एकमेकांच्या गाण्यांत पाहुणे म्हणून येत राहिले. कंपनीविना काम करणाऱ्या कलावंताला लागणारी माणसे चान्स यांना अशा रीतीने शाळकरी वयातच मिळाली.

मिक्सटेप व प्रसिद्धी : हिप-हॉपमध्ये मिक्सटेप म्हणजे कंपनीच्या व्यापारी अल्बमबाहेर काढलेला गाण्यांचा संग्रह. पूर्वी तो कॅसेटवर हातोहात फिरे. २००० नंतर संकेतस्थळांवरून तो फुकट उतरवून घेता येऊ लागला. ‘टेन डे’ ऐकून चाइल्डिश गॅम्बिनो (डॉनल्ड ग्लोव्हर) यांनी चान्स यांना २०१२ च्या दौऱ्यात आपल्या कार्यक्रमाआधी गाण्यासाठी घेतले. ३० एप्रिल २०१३ रोजी आलेल्या ‘अ‍ॅसिड रॅप’ने त्यांचे नाव देशभर झाले. अ‍ॅसिड जॅझ, सोल आणि शिकागोचे वेगवान ज्यूक नृत्यसंगीत यांचा हा मेळ होता. वरवर खेळकर वाटणाऱ्या या संग्रहात डोळ्यांदेखत झालेल्या मित्राच्या खुनाचे आणि उन्हाळ्यात वाढणाऱ्या गोळीबाराच्या भीतीचे पडसाद आहेत. त्याच सुमारास शिकागोचे ड्रिल हे हिंसेची थेट भाषा बोलणारे रॅप गाजत होते. चान्स यांनी त्याच शहराची हकिगत सांगितली, पण शाळेत जाणाऱ्या, घाबरणाऱ्या, विनोद करणाऱ्या मुलाच्या नजरेने.

फुकट वाटल्या जाणाऱ्या मिक्सटेपमध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे रीतसर परवानगीविना वापरले जात. ‘अ‍ॅसिड रॅप’ २०१९ मध्ये अधिकृत स्ट्रीमिंग सेवांवर आला, तेव्हा त्यातील ‘ज्यूस’ या गाण्याची परवानगी मिळू शकली नाही. त्याच्या जागी चान्स यांनी अर्ध्या मिनिटाचा संदेश घातला आणि त्या तुकड्याचे उत्पन्न आपल्या सेवाभावी संस्थेकडे वळवले.

स्वतंत्र व्यवसाय : ध्वनिमुद्रण कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम, स्टुडिओ, जाहिरात आणि वितरण देते, त्या बदल्यात मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि विक्रीचा मोठा वाटा बहुधा तिच्याकडे जातो. ‘अ‍ॅसिड रॅप’नंतर मोठ्या कंपन्यांकडून आलेले प्रस्ताव चान्स यांनी नाकारले. गाणी विकायची नाहीत, ती मोफत पसरू द्यायची आणि कमाई कार्यक्रमांची तिकिटे, छापील कपडे-टोप्या आणि जाहिरात करारांतून करायची, अशी त्यांची पद्धत ठरली. तिसऱ्या मिक्सटेपच्या वेळी डोक्यावर आलेली ‘३’ आकड्याची टोपी त्यांची ओळखही झाली आणि विक्रीचा मालही. २०१५ मध्ये त्यांचा वादकसमूह ‘द सोशल एक्सपेरिमेंट’ आणि ट्रम्पेटवादक निको सीगल यांचा ‘सर्फ’ हा संग्रह आयट्यून्सवर मोफत देण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कोणत्याही कंपनीशी करार नसताना, त्यांना ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाण्याचे निमंत्रण मिळाले.

या स्वातंत्र्यालाही मर्यादा होत्या. १३ मे २०१६ रोजी आलेला ‘कलरिंग बुक’ पहिले दोन आठवडे फक्त अ‍ॅपल म्युझिकवर होता. त्यासाठी अ‍ॅपलने पाच लाख डॉलर दिल्याचे आणि एक जाहिरात केल्याचे चान्स यांनी २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केले. गाण्यांची मालकी आपल्याकडेच राहिली, असा त्यांचा खुलासा होता. तरीही मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या पैशावर उभा असलेला कलावंत स्वतंत्र म्हणायचा का, हा वाद त्यानिमित्ताने झाला.

‘कलरिंग बुक’ व ग्रॅमी : या संग्रहात चान्स यांनी गॉस्पेलला केंद्रस्थान दिले. कर्क फ्रँकलिन, शिकागो चिल्ड्रन्स कॉयर आणि कान्ये वेस्ट यांचा त्यात सहभाग आहे. विक्री न होता केवळ स्ट्रीमिंगच्या जोरावर ‘बिलबोर्ड २००’ यादीत आलेला हा पहिला अल्बम. तो आठव्या क्रमांकावर दाखल झाला. जून २०१६ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांच्या नियमांत बदल होऊन फक्त स्ट्रीमिंगवर प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणेही पात्र ठरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये चान्स यांना सर्वोत्तम नवोदित कलावंत, सर्वोत्तम रॅप अल्बम आणि ‘नो प्रॉब्लेम’साठी सर्वोत्तम रॅप सादरीकरण असे तीन पुरस्कार मिळाले. ज्या गाण्याला पुरस्कार मिळाला, त्याचा रोखही ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या अडवणुकीवरच आहे.

शैली : चान्स यांचा आवाज उंच पट्टीतला, किंचित अनुनासिक व खरखरीत आहे. बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर ते सहज ये-जा करतात. ओळीच्या आत साधलेली यमके, एकाच अक्षराची लयदार आवर्तने आणि मध्येच टाकलेले चीत्कार ही त्यांची खूण. खुल्या मंचावरील काव्यवाचनाचे संस्कार त्यांच्या शब्दफेकीवर स्पष्ट दिसतात. संगणकावर रचलेल्या तालाऐवजी ट्रम्पेट, पियानो व समूहगानाला ते अधिक वाव देतात. रस्त्यांची नावे, स्थानिक नभोवाणी, उन्नत रेल्वे असे शिकागोचे तपशील त्यांच्या गाण्यांत सतत येतात. ‘एंजल्स’ (२०१५) या गाण्याच्या चित्रफितीत ते धावत्या लोकलच्या टपावर नाचताना दिसतात.

सार्वजनिक शाळांसाठी कार्य : ब्रदर माइक यांचे डिसेंबर २०१४ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ चान्स यांनी २०१५ मध्ये माध्यमिक शाळांतील मुलांसाठी ‘ओपन माइक’ हा नियमित खुला मंच सुरू केला. हाच उपक्रम पुढे त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्थापन केलेल्या ‘सोशलवर्क्स’ या सेवाभावी संस्थेचा भाग झाला.

त्या काळात शिकागोच्या शाळा आर्थिक संकटात होत्या. २०१३ मध्ये सुमारे ५० शाळा एका फटक्यात बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यपाल ब्रूस राउनर यांनी शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी २१.५ कोटी डॉलर देणारे विधेयक नामंजूर केले, आणि शैक्षणिक वर्ष सुमारे तीन आठवडे आधी गुंडाळावे लागेल असा इशारा शालेय प्रशासनाने दिला. ग्रॅमीनंतर लगेच, ३ मार्च २०१७ रोजी, चान्स यांनी राज्यपालांची भेट घेतली. भेटीतून काही निष्पन्न झाले नाही. तीन दिवसांनी वेस्टकॉट प्राथमिक शाळेत मुलांसमवेत पत्रकार परिषद घेऊन त्यांनी शहरातील शाळांच्या कला व अन्य उपक्रमांसाठी दहा लाख डॉलर जाहीर केले. लोकांनी दिलेल्या प्रत्येक एक लाख डॉलरमागे एका शाळेला दहा हजार डॉलर देण्याची योजनाही त्यांनी मांडली. शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाच्या धर्मादाय संस्थेने त्यात दहा लाखांची भर घातली. सप्टेंबरपर्यंत निधी २२ लाख डॉलरवर गेला आणि वीस शाळांना कला-साहित्य शिक्षणासाठी टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचे ठरले. निवृत्तिवेतनाची तूट पाहता ही रक्कम लहानच होती. पण तिच्यामुळे शालेय निधीचा प्रश्न देशभर चर्चेत आला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी शहरातील मानसिक आरोग्यसेवांसाठी आणखी दहा लाख डॉलर जाहीर केले. ऑक्टोबर २०१९ मधील शिक्षकांच्या संपात त्यांनी शिक्षक संघटनेची बाजू घेतली. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे सूत्रसंचालन करताना त्यांनी संघटनेचे नाव असलेला पोशाखही घातला.

उत्तरकालीन वाटचाल : ‘द बिग डे’ (जुलै २०१९) हा त्यांनी अधिकृतपणे अल्बम म्हणून विक्रीस काढलेला पहिला संग्रह. तो बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला, पण २२ भागांचा त्याचा पसारा आणि संसारसुखावरील भर यांमुळे समीक्षकांची मते विभागली. त्यानंतरचा दौरा रद्द झाला. २०२० मध्ये त्यांचे व्यवस्थापक पॅट कॉर्कोरन यांच्याशी संबंध तुटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ पासून त्यांनी दृश्यकलावंतांसोबत काम सुरू केले. ‘चाइल्ड ऑफ गॉड’ हे गीत चित्रकार नैला ओपियांगा यांच्या चित्रासह सादर झाले. जानेवारी २०२३ मध्ये व्हिक मेन्सा यांच्यासमवेत त्यांनी घानाची राजधानी अक्रा येथे ‘ब्लॅक स्टार लाइन’ महोत्सव भरवला. मार्कस गार्व्ही यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या जहाज कंपनीवरून हे नाव घेतले होते. ‘द व्हॉइस’ या गायनस्पर्धेत त्यांनी मार्गदर्शक म्हणूनही काम केले. ‘स्टार लाइन’ हा त्यांचा दुसरा अल्बम ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वतंत्रपणेच, प्रसिद्ध झाला.

महत्त्व : करार नसलेला कलावंतही मुख्य प्रवाहातील सर्वोच्च पुरस्कारांपर्यंत पोहोचू शकतो, हे चान्स यांच्या कारकिर्दीने दाखवले आणि पुढच्या अनेक रॅपरांना कंपन्यांशी वाटाघाटी करताना त्याचा आधार झाला. मात्र त्यांचे यश एकट्याच्या जिद्दीतून आलेले नाही. प्रशिक्षण, साधने, सहकारी आणि पहिले श्रोते, म्हणजे एरवी कंपनीने पुरवायच्या गोष्टी, त्यांना करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत व वाचनालयात मिळाल्या. शाळांच्या निधीसाठी त्यांनी केलेले काम त्यांच्या कलाजीवनाशी जोडले जाते ते यामुळेच.