आजीचा परस

श्रोतेहो, नांदुरा तालुक्यातलं वडनेर भोलजी हे माझं गाव. काळी माती, कपाशी आणि उन्हाळ्यात अंगाची काहिली. आमच्या घरामागे आजीचा परस होता. विदर्भात बऱ्याच ठिकाणी त्याला सांदवाडी म्हणतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, पलीकडे शेवगा, कढीपत्ता, अडुळसा, गवती चहा आणि तुळस. लिंबोणीवरच्या अळ्या आजी मारू देत नसे. "त्याईचं पाखरू होते, बाबू," म्हणायची. खोकला झाला की अडुळसा, ताप आला की गवती चहा. दवाखाना त्यानंतर.

ही समज जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याचं नोंदवलं. जिथे त्या नव्हत्या, तिथे बाहेरून आणवल्या. त्याच लेखमालेतल्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्याला सापडले आहेत.

विज्ञानाने याची मोजदाद फार उशिरा केली. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या, १९७२ ते १९८१ दरम्यान पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती व हिरवळ आणून टाकली होती. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रोगप्रतिकारशक्तीतही चांगले बदल दिसले. प्रयोग लहान होता, तेव्हा जपूनच बोलावं. पण मातीत खेळू देणारी आजी अडाणी नव्हती, एवढं खरं.

आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाणं जपलं आणि घरोघरी परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आणि मी? शिकलेला नातू! आजी गेल्यावर 'चिखल नको' म्हणून मीच परसात फरशी घातली. शेवगा तोडला. पहिल्याच उन्हाळ्यात मागची खोली भट्टीसारखी तापली. सकाळी परसात तासभर रमणारी आई दिवसभर पलंगावर बसून राहू लागली. तिला काय होतंय ते तिला सांगता येईना, मला कळेना. एके दिवशी ती एवढंच म्हणाली, "पाखरं नाही येत रे आता."

दुसऱ्याच आठवड्यात मी पहार घेतली. फरशी उखडली, शेणखत घातलं, शेजारणीकडून अळूचे कंद आणले. आई पुन्हा सकाळी पाणी घालायला उठते. लिंबोणी अजून गुडघ्याएवढी आहे; पण परवा तिच्या पानावर अळी दिसली. आईने मला हाक मारली आणि बजावलं, "हात लावू नको."

श्रोतेहो, तुमच्याही अंगणातली दोन-चार फरश्या काढून बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)