वाटेवरची झडती आणि कॅमेरा

अमेरिकेत रस्त्यावर, बागेत किंवा उपाहारगृहात कृष्णवर्णीय माणसाला अनोळखी गोऱ्या व्यक्तीने हटकावे, 'इथे काय काम आहे' म्हणून विचारावे, उत्तराने समाधान झाले नाही की पोलिसांना बोलवावे आणि हा सगळा प्रकार कुणीतरी मोबाइलवर टिपावा, हे दृश्य २०१८ पासून जगभर परिचयाचे झाले. त्यातला मोबाइल तेवढा नवा आहे. हटकणे फार जुने आहे, आणि दीर्घकाळ तो हक्क कायद्यानेच सामान्य नागरिकाच्या हाती दिलेला होता.

न्यूयॉर्क शहरात १७१३ मध्ये एक कंदील कायदा झाला. चौदा वर्षांवरच्या कृष्णवर्णीय वा मूलनिवासी गुलामाला अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे असेल, तर हाती पेटता दिवा धरणे त्याने सक्तीचे केले. दिवा नसलेल्याला पकडण्याची मुभा तेव्हाच्या ब्रिटिश राणीच्या कोणाही प्रजाजनाला होती. दक्षिण कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. त्याची दहशत बसलेल्या मळेवाल्यांनी पुढच्याच वर्षी कडक कायदा आणला. मालकाची चिठ्ठी जवळ नसलेल्या गुलामाला कोणीही गोरा माणूस अडवू शकत असे, त्याची चौकशी करू शकत असे. त्या झटापटीत गुलामाने हात उगारून फटका मारला, तर त्याला जागीच ठार करणे कायदेशीर होते. जाब विचारणारा कोण, याची चौकशी कायद्याला करायचीच नव्हती. त्याचा रंग पुरेसा होता.

१८५० च्या फरारी गुलाम कायद्याने हेच काम उत्तरेतल्या नागरिकांवरही लादले. पळालेल्यांना धरण्यात मदत करणे त्यांचे कर्तव्य ठरले. सुनावणी घेणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या ताब्यात दिल्यास दहा डॉलर मिळत आणि सोडून दिल्यास पाच. जादा कागदपत्रांचे कारण त्यासाठी पुढे केले जाई, पण त्यातली मेख कुणाच्याही लक्षात येण्याजोगी होती. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, तरी मिसिसिपी राज्याने १८६५ मध्येच मुक्त झालेल्यांसाठी भटकेगिरीविरोधी कायदा केला. दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा जवळ असावा लागे. नसल्यास दंड, आणि दंड भरता आला नाही तर सक्तीची मजुरी. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या रेल्वे डब्यांना मान्यता दिल्यावर कोणी कुठे बसायचे, कुठे उभे राहायचे, हे पाहण्याचे काम कंडक्टर, दुकानदार आणि बसचालकांकडेही आले. माँटगोमेरी शहरात बसचालकाला पोलिसांसारखे अधिकारच होते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स जागेवरून उठल्या नाहीत, तेव्हा पोलिसांना बोलावले ते चालकानेच.

देशभर एकच असा ९११ हा आपत्कालीन क्रमांक १९६८ मध्ये सुरू झाला. त्यावरचा पहिला फोन लागला तो अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात. आग, अपघात, दरोडा यांसाठी केलेली ही सोय खरोखर लोकोपयोगी होती, पण तिने आणखी एक गोष्ट घडवली. नुसता संशय आलेल्या माणसाला स्वतः पुढे होऊन कुणाला अडवण्याची गरज उरली नाही. तीन आकडे फिरवले की शस्त्रधारी पोलीस दारात, आणि फोन करणाऱ्याने काय पाहिले, काय कल्पिले, हे आधी तपासण्याची काही व्यवस्था नव्हती.

कॅमेरा या गोष्टीत शिरला तो सुरुवातीला हल्लेखोरांच्या बाजूने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झुंडीने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली जात. प्रेताभोवती उभे असलेले लोक कॅमेऱ्याकडे निःशंक पाहत, कारण आपल्याला कुणी ओळखले तर काय, ही भीतीच त्यांना नव्हती. अशी कार्डे टपालाने पाठवण्यावर १९०८ मध्ये बंदी आली, तरी फोटो निघतच राहिले. टेक्सासमधल्या वेको गावी मे १९१६ मध्ये जेसी वॉशिंग्टन या तरुणाला भर चौकात जाळण्यात आले, तेव्हा स्थानिक छायाचित्रकाराने विक्रीसाठीच फोटो काढले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने ते मिळवले, आणि डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी 'द क्रायसिस' मासिकाच्या खास पुरवणीत छापले. विजयाची खूण म्हणून टिपलेले चित्र आरोपपत्र बनले. हा उलटा प्रवास पुढे शंभर वर्षांनी पुन्हा घडायचा होता.

१९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. त्याच्या विद्रूप चेहऱ्याचा फोटो 'जेट' साप्ताहिकाने छापला. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने आरोपींना तासाभरात निर्दोष सोडले, पण तो फोटो पाहिलेल्या तरुण पिढीने पाचच वर्षांत उपाहारगृहांमध्ये ठाण मांडायला सुरुवात केली.

आजच्या मोबाइल-चित्रणांचा खरा पूर्वज शोधायचा तर तो ४ सप्टेंबर १९५७ रोजी आर्कन्सातल्या लिटल रॉक येथे सापडतो. सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रथमच नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल व्हायचे होते. सर्वांनी मिळून जायचे असा बेत आदल्या रात्री ठरला, पण एलिझाबेथ एकफर्ड हिच्या घरी फोन नसल्याने तिला निरोप पोहोचला नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी एकटीच शाळेपाशी आली. राज्याच्या सैनिकांनी तिला आत सोडले नाही आणि ती जमावातून बसथांब्याकडे चालत निघाली. त्या क्षणी विल काउंट्स या स्थानिक दैनिकाच्या छायाचित्रकाराने कळ दाबली. पुढे काळा चष्मा लावलेली, वही छातीशी धरलेली एकफर्ड. मागे तोंड वासून ओरडणारी तिच्याच वयाची गोरी मुलगी. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पुढे काही वर्षांनी त्या गोऱ्या मुलीने फोन करून माफी मागितली, १९९७ मध्ये काउंट्सनेच दोघींचा त्याच शाळेसमोर एकत्र फोटो काढला, काही काळ मैत्रीही झाली आणि मग तुटली. जगाच्या लेखी ती मात्र आजही तेच ओरडणारे तोंड आहे. एका क्षणाच्या चित्रात माणूस जन्मभर अडकून पडणे हा प्रकार समाजमाध्यमांनी आणला असे म्हणतात, ते खरे नाही.

पोलिसांवर पाळत ठेवण्याची पद्धत साठच्या दशकात आकाराला आली. १९६६ मध्ये ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापला. ज्याच्या नावावरून सहा वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तो हाच. त्याचे कार्यकर्ते कायद्याचे पुस्तक आणि उघड दिसणारी बंदूक घेऊन पोलिसांच्या गाडीमागे फिरत. रस्त्यात कुणाला अडवले की कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभे राहून पाहत. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली. बंदूक गेली, पाहण्याचा रिवाज उरला. १९९० मध्ये शेजारच्या बर्कलीत सुरू झालेल्या कॉपवॉच गटाच्या हाती वही होती आणि कॅमेराही.

मार्च १९९१ मध्ये लॉस एंजलिसने तेरा दिवसांच्या अंतराने दोन चित्रणे पाहिली. पहिले प्रसिद्ध आहे. ३ मार्चच्या पहाटे जॉर्ज हॉलिडे यांनी घराच्या सज्जातून रॉडनी किंग या कृष्णवर्णीय गृहस्थांना पोलीस दंडुक्यांनी मारत असताना टिपले. पोलिसांनी त्या टेपमध्ये रस दाखवला नाही, म्हणून ती दूरचित्रवाणी केंद्राकडे गेली. पुरावा इतका उघड असूनही एप्रिल १९९२ मध्ये सिमी व्हॅलीतल्या ज्युरीने, जिच्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता, पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून मोकळे केले. बचाव पक्षाने टेप लपवली नव्हती, उलट ती पुन्हापुन्हा, चौकट थांबवून दाखवली. प्रत्येक थांबलेल्या चौकटीत किंग यांचा हलणारा पाय म्हणजे प्रतिकार, असे तज्ज्ञाने शिकवले. मानवशास्त्रज्ञ चार्ल्स गुडविन यांनी १९९४ च्या लेखात या युक्तिवादाची चिरफाड केली. निकालानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली.

दुसरे चित्रण कमी आठवले जाते, आणि अनोळखी माणसांमधल्या संशयाबद्दल ते अधिक सांगते. १६ मार्चला पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी लताशा हार्लिन्स दक्षिण लॉस एंजलिसमधल्या दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. बाटली पिशवीत पाहून कोरियन वंशाच्या दुकानदार बाईने तिला चोर ठरवले; मुलीच्या मुठीत पैसे होते. झटापट झाली, मुलीने बाईला मारले, मग बाटली ठेवून ती दाराकडे वळली आणि मागून डोक्यात गोळी लागून कोसळली. दुकानातल्या सुरक्षा कॅमेऱ्यात सगळे आले होते. ज्युरीने दुकानदार बाईला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास न देता परिवीक्षा, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड ठोठावला. १९९२ च्या दंगलीत कोरियन दुकाने का जळाली, याचे उत्तर किंग यांच्या टेपमध्ये शोधून सापडत नाही.

चित्रीकरणाचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला आणखी वीस वर्षे लागली. मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्याचा आवाज चोरून नोंदवण्याविरुद्धचा कायदा पोलिसांचे चित्रण करणाऱ्यांवर लावला जाई. बॉस्टनच्या मध्यवर्ती उद्यानात २००७ मध्ये मोबाइलवर अटक टिपणाऱ्या ग्लिक नावाच्या वकिलालाच अटक झाली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ग्लिक खटल्यात सांगितले की सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे चित्रण करणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते. पुढच्या वर्षी इलिनॉयमधला तसाच कडक कायदाही अडला.

पोलिसांच्या गाडीतले कॅमेरेही याच काळात वाढले. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन येथे गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ सकाळी पायी फिरत होते. 'एक सडपातळ काळा माणूस' फिरतोय, असा कुणीतरी फोन केला. इंग्रजी न येणाऱ्या त्या गृहस्थांना पोलिसाने जमिनीवर आपटले. त्यांना अर्धांगवायूसारखी अवस्था आली. चित्रण होते, तरी फौजदारी खटल्यात तो अधिकारी सुटला.

२०१८ चा वसंत या इतिहासातला वळणाचा काळ ठरला. १२ एप्रिलला फिलाडेल्फियाच्या स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट पाहत बसले होते. काही न मागवता बसल्याबद्दल व्यवस्थापक बाईंनी पोलिसांना बोलावले आणि दोघांना बेड्या पडल्या. एका गिऱ्हाइकाने ते टिपले. कंपनीने २९ मे रोजी दुपारी देशातली आठ हजारांहून अधिक दुकाने प्रशिक्षणासाठी बंद ठेवली. त्या दोघांनी शहराकडून प्रत्येकी एक डॉलर घेतला आणि होतकरू तरुण उद्योजकांसाठी दोन लाख डॉलरच्या निधीची तरतूद करून घेतली. तडजोडीचा हा मार्ग नुकसानभरपाईच्या नेहमीच्या दाव्यांपेक्षा वेगळा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस ओकलंडच्या लेक मेरिटकाठी कोळशाच्या शेगडीवर मांस भाजणाऱ्या कृष्णवर्णीयांविरुद्ध एका गोऱ्या स्त्रीने फोन केला, आणि तिचे चित्रण दुसऱ्या गोऱ्या स्त्रीने केले. तीन आठवड्यांनी शेकडो लोक त्याच तळ्याकाठी शेगड्या घेऊन जमले. पूर्वी अडवला गेलेला माणूस खुलासा देत असे. आता फोन करणाऱ्याला खुलासा द्यावा लागू लागला.

२५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पक्षिनिरीक्षक ख्रिश्चन कूपर यांनी एका स्त्रीला कुत्र्याला साखळी लावायला सांगितले. तिने ९११ वर कृष्णवर्णीय माणूस धमकावत असल्याचे सांगितले. कूपर यांच्या मोबाइलमुळे दुसऱ्याच दिवशी तिची नोकरी गेली. खोट्या तक्रारीचा खटला पुढे समुपदेशनानंतर रद्द झाला, आणि कूपर यांनी सरकारी पक्षाला मदत करण्यास नकार दिला, शिक्षा पुरेशी झाली असे त्यांचे म्हणणे. त्याच संध्याकाळी मिनिआपोलिसमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलीने जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून झालेला मृत्यू टिपला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो 'वैद्यकीय प्रसंग' होता. न्यूयॉर्क राज्याने जूनमध्ये वंशद्वेषातून केलेल्या खोट्या फोनविरुद्ध दाव्याची तरतूद केली, सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबरमध्ये.

त्याआधी २३ फेब्रुवारीला जॉर्जियातल्या ब्रन्झविकजवळ धावायला निघालेल्या अहमॉड आर्बरी या तरुणाचा तीन गोऱ्या माणसांनी दोन ट्रकमधून पाठलाग करून त्याला ठार मारले. चोराला पकडत होतो, असा त्यांचा बचाव. आधार १८६३ सालच्या, गुलामगिरीच्या काळातल्या कायद्याचा, ज्यात नागरिकाला अटक करण्याची मुभा होती. पाठलाग करणाऱ्यांपैकीच एकाने ते मोबाइलवर टिपले होते. आपल्या बाजूला फायदा होईल अशा समजुतीने ते चित्रण रेडिओ केंद्राला दिले गेले, आणि मे महिन्यात ते बाहेर आल्यावर दोनच दिवसांत पहिल्या अटका झाल्या. तिघेही नोव्हेंबर २०२१ मध्ये दोषी ठरले. वेकोच्या फोटोंसारखाच हा उलटा पुरावा. जॉर्जियाने १८६३ चा तो कायदा मे २०२१ मध्ये रद्द केला.

कॅमेऱ्याने चुकीच्या माणसालाही धरले. जून २०२० मध्ये मेरिलंडच्या सायकलवाटेवर फलक लावणाऱ्या तरुणांवर हात टाकणाऱ्या सायकलस्वाराचे चित्रण फिरले. इंटरनेटने नाव शोधले ते दुसऱ्याच माणसाचे, कारण त्याच्या व्यायाम-ॲपमधली फेरी जवळच्या तारखेची दिसली. खरा आरोपी पुढे सापडला, पण तोवर धमक्या त्या निरपराध माणसाला आल्या होत्या. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापाशी शाळकरी मुले आणि ढोल वाजवणारे मूलनिवासी ज्येष्ठ यांच्या छोट्या चित्रफितीचा जो अर्थ लावला गेला, तो लांब चित्रण आल्यावर बराच बदलला. हे धोके खरे आहेत. तरीही चित्रण बंद व्हावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

हल्लीचा वाद अंतराचा आहे. ॲरिझोनाने २०२२ मध्ये पोलिसांच्या आठ फुटांच्या आत चित्रण करण्यास बंदी घालणारा कायदा केला. तो न्यायालयाने कायमचा रोखला. फ्लॉरिडात १ जानेवारी २०२५ पासून ताकीद मिळाल्यावर पंचवीस फूट दूर राहणे बंधनकारक आहे. पँथर कार्यकर्त्यांच्या काळातही पोलिसांपासून किती लांब उभे राहायचे, हाच प्रश्न होता; फुटांचे गणित तेवढे आता नव्याने मांडले जात आहे.