आधी ‘कुठे’, मग ‘काय’: ९११ची गोष्ट आणि एकट्याचा प्रवास

इतिहासाच्या आजच्या भागात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज ऐकू या एका प्रश्नाचा इतिहास. अमेरिकेत ९११ लावलं की अनेक ठिकाणी पलीकडून पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कुठे आहात?” काय झालं, कोणाला लागलं, हे त्यानंतर.

घरून फोन केला असेल तर उत्तर तोंडपाठ असतं. पण आपल्यापैकी कितीतरी जण एकटे गाडी चालवत असतात. कोणी रात्रपाळी संपवून हॉस्पिटलमधून परततं. कोणाची मुलगी थँक्सगिव्हिंगला कॉलेजातून चार-पाच तास गाडी चालवत घरी येते. कोणी दुसऱ्या शहरातलं काम आटोपून त्याच रात्री परत निघतं. फोनमधली बाई “पुढे उजवीकडे वळा” म्हणते आणि आपण वळतो. रस्त्याचं नाव वाचायची सवयच मोडली आहे. अशा वेळी गाडी बंद पडली आणि कोणी विचारलं “कुठे आहात?”, तर काय सांगणार? हा साधा प्रश्न इतका अवघड कसा झाला, त्याची गोष्ट जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची आहे.

सुरुवात बॉस्टनपासून. १८५२ सालच्या एप्रिलमध्ये तिथे आगीची वर्दी तारायंत्रानं देणारी यंत्रणा सुरू झाली. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनी ती उभी केली. रस्त्यांवर ठिकठिकाणी पेट्या बसवल्या. आग दिसली की पेटीतला दांडा फिरवायचा. मग ती पेटी मध्यवर्ती कार्यालयाला एकच गोष्ट कळवायची, स्वतःचा नंबर. आग किती मोठी, आत माणसं किती, यातलं काहीही नाही. पण कोणती पेटी कुठे आहे हे ठरलेलं होतं, त्यामुळे बंब बरोबर तिकडे धावायचे. म्हणजे मदत मागण्याच्या या जुन्या यंत्राला ‘काय’ सांगता येत नव्हतं, पण ‘कुठे’ मात्र ते चोख सांगत होतं.

पुढे टेलिफोन आला आणि माणसाला बोलता येऊ लागलं. पण बोलण्याआधी ऑपरेटरची वाट पाहावी लागायची, आणि ऑपरेटरला कोणता कॉल तातडीचा हे कळायचा मार्ग नव्हता. १० नोव्हेंबर १९३५ला लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला, पण तो एक्सचेंजच्या रांगेतच अडकून राहिला. त्या आगीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजाऱ्यानं संतापून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, सरकारी चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ला लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. आता तातडीचा कॉल आला की एक्सचेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. रांग मोडली.

अमेरिकेला यायला आणखी तीस वर्षं लागली. १९५७ साली अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या संघटनेनं आगीची खबर देण्यासाठी देशभर एकच नंबर हवा अशी शिफारस केली. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं पोलिसांसाठीही तेच सांगितलं. जानेवारी १९६८मध्ये एटी अँड टी कंपनीनं ९११ हा नंबर जाहीर केला. लहान, लक्षात राहणारा आणि कुठल्याही एरिया कोडशी न जुळणारा. एवढी मोठी कंपनी तयारी करत असताना अलाबामातल्या एका छोट्या टेलिफोन कंपनीनं मात्र बाजी मारली. १६ फेब्रुवारी १९६८ला हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात पहिला ९११ कॉल झाला. राज्याच्या विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी तो लावला आणि पोलीस ठाण्यातल्या लाल फोनवर काँग्रेसचे सदस्य टॉम बेव्हिल यांनी तो उचलला.

आपल्यातले बरेच जण पोलीस १००, आग १०१, रुग्णवाहिका १०२ असं पाठ करत मोठे झाले. त्यात पुढे १०८ आला. भारतात या सगळ्यांसाठी एकच ११२ नंबर २०१८पासून टप्प्याटप्प्यानं सुरू होत गेला. म्हणून भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांच्या बोटांत अजून जुनेच नंबर बसलेले असतात. ते मुद्दाम लक्षात ठेवा. त्याबद्दल पुढे बोलू.

तर १९७०च्या दशकापासून अमेरिकेत सुधारित ९११ आलं. घरच्या फोनवरून कॉल गेला की फोन घेणाऱ्याच्या समोर तो नंबर आणि त्या घराचा पत्ता आपोआप उमटू लागला. माणूस बेशुद्ध पडला, लहान मुलाला पत्ता सांगता आला नाही, तरी मदत दाराशी पोचायची. बॉस्टनच्या पेटीचा गुण टेलिफोनमध्ये उतरला. फोन भिंतीला बांधलेला होता म्हणून हे शक्य झालं.

रस्त्यावरच्या माणसासाठी मात्र पेटीच उरली होती. हायवेच्या कडेला ठराविक अंतरावर मदतीचे फोन असत. कॅलिफोर्नियात १९८५च्या कायद्यानं गाड्यांच्या नोंदणीवर वर्षाला एक डॉलर जादा घेऊन असे फोन बसवायची सोय झाली. गाडी बंद पडली की चालत त्या खांबापर्यंत जायचं आणि फोन उचलायचा. आपण कुठे आहोत हे त्या खांबावरूनच पलीकडे कळायचं. एकट्या माणसाला रात्री अंधारात हायवेच्या कडेनं चालत जावं लागायचं, हा त्यातला धोका. मोबाइल आला तेव्हा लोकांना त्याचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटलं ते इथेच: आता गाडीतून उतरायला नको. अमेरिकेत मोबाइल सेवा १९८३ साली शिकागोत सुरू झाली. नंतर कितीतरी घरांत पहिला मोबाइल घेतला गेला तो “गाडीत असू दे, अडीअडचणीला” असं म्हणूनच.

पण मोबाइलनं एक गोष्ट काढून घेतली. त्याला पत्ता नव्हता. ९११ लागायचा, आवाज यायचा, आणि फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर जागा कोरी असायची. कॉल कुठल्या टॉवरनं पकडला एवढंच टेलिफोन कंपनीला ठाऊक, आणि टॉवरचा आवाका कित्येक मैलांचा. १८५२च्या पेटीला जे जमत होतं, ते १९९०च्या दशकातल्या महागड्या फोनला जमेना.

१९९६ साली एफसीसी म्हणजे संघराज्याच्या दूरसंचार आयोगानं यावर नियम केले. पहिला टप्पा १९९८चा: मोबाइल कंपनीनं फोन करणाऱ्याचा नंबर आणि टॉवरची जागा ९११ केंद्राला कळवायची. दुसरा टप्पा ऑक्टोबर २००१पासून: अक्षांश-रेखांश कळवायचे. शिवाय कोणाचीही सेवा चालू असो वा नसो, ९११चा कॉल कंपनीनं पुढे पाठवलाच पाहिजे. कागदावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात कंपन्यांनी मुदतवाढी घेतल्या आणि अनेक काउंट्यांकडे ही माहिती वाचणारी यंत्रंच नव्हती, त्यामुळे वर्षं गेली.

याच काळातली एक घटना अमेरिकेत आजही आठवली जाते. नोव्हेंबर २००६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं एक कुटुंब थँक्सगिव्हिंग आटोपून ऑरेगनच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालं. आई-वडील, चार वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचं बाळ. हायवेवरचं हवं ते वळण चुकलं, पर्याय म्हणून डोंगरातला रस्ता धरला आणि रात्री ते बर्फात अडकले. फोन होता, पण बोलण्याइतका सिग्नल नव्हता. दिवसांमागून दिवस गेले. आईनं बाळाला आणि मोठीलाही अंगावरचं दूध पाजलं. ऊब मिळावी आणि धूर दिसावा म्हणून त्यांनी गाडीचे टायर जाळले. २ डिसेंबरला वडील मदत शोधायला पायी निघाले.

इकडे एका स्थानिक मोबाइल कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी आपणहून नोंदी चाळल्या. त्या कुटुंबाच्या फोननं एका टॉवरला क्षणभर स्पर्श केला होता, दोन मेसेज येऊन पोचले होते, तेवढाच धागा. त्यावरून त्यांनी फोन कोणत्या डोंगरभागात असू शकेल याचा अंदाज बांधला आणि शोध तिकडे वळला. ४ डिसेंबरला हेलिकॉप्टरमधून आई आणि दोन्ही मुली दिसल्या. तिघी वाचल्या. वडिलांचा मृतदेह ६ डिसेंबरला सापडला, थंडीनं त्यांचा जीव घेतला होता. ते धाडसी होते, त्यांचा निर्णय कुटुंबाच्या मायेपोटी होता. पण शोधणाऱ्यांचा अनुभव सांगतो की पायी निघालेल्या माणसापेक्षा गाडी फार लवकर दिसते.

त्यानंतर बरंच सुधारलं. २०१४पासून अनेक काउंट्यांत ९११ला मेसेज करता येतो. जिथे सोय नसेल तिथे तसा उलट मेसेज येतो. अमेरिकेत अँड्रॉइड फोन आणि आयफोन दोन्हींमध्ये २०१८पासून जीपीएस, वायफाय आणि टॉवर यांची सांगड घालून जागा ९११ केंद्राला कळवण्याची सोय येत गेली. २०२२च्या अखेरीपासून काही फोन सिग्नल नसताना थेट उपग्रहाद्वारे मदत मागू शकतात. तरीही डोंगराच्या आडोशाला, उड्डाणपुलाखाली, बहुमजली पार्किंगमध्ये यंत्राचा अंदाज चुकू शकतो. वर-खाली दोन रस्ते असतील तर नकाशावरचा ठिपका दोन्हींवर सारखाच दिसतो. आणि मोबाइलचा कॉल कधीकधी टॉवरप्रमाणे केंद्र गाठू शकतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनिया यांच्यामध्ये डेलावेअर नदी आहे. अशा सीमेजवळ असाल तर कॉल पलीकडच्या काठावरच्या केंद्रात लागू शकतो. ते लोक तो योग्य ठिकाणी देतात, पण आपण कुठल्या राज्यात आहोत हे आधी सांगितलं तर वेळ वाचतो.

म्हणून या इतिहासातून घरी न्यायचं ते इतकंच: आपली पेटी आपणच व्हायचं. आपला नंबर आपल्याला ठाऊक हवा.

ते कसं? आपण मराठीत ‘मैलाचा दगड’ म्हणतो, तो इथे खरोखर कामाचा आहे. इंटरस्टेटच्या कडेला लहान हिरव्या पाट्यांवर मैलाचा आकडा असतो. राज्याच्या दक्षिण किंवा पश्चिम सीमेपासून तो वाढत जातो. मुख्य इंटरस्टेटचा नंबर सम असेल तर रस्ता पूर्व-पश्चिम, विषम असेल तर दक्षिण-उत्तर. एकटे चालवत असाल तर अधूनमधून मनाशी म्हणा: रस्ता ८०, पश्चिमेकडे, मैल ४२, नुकतंच गेलेलं एक्झिट अमुक. एवढं सांगता आलं तर नकाशा नसला तरी गस्तीची गाडी पोचते. सुटताना घरी कोणाला तरी रस्ता आणि पोचायची वेळ सांगा, आणि रस्ता बदललात तर तेही कळवा.

गाडी कुरकुरू लागली आणि अजून चालत असेल तर पुढचं एक्झिट गाठा. नाहीच जमलं तर शक्य तितकं कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, आणि बोलताना पहिलं वाक्य जागेचं ठेवा, कारण कॉल मध्येच तुटू शकतो. बर्फात अडकलात तर गाडी सोडू नका. इंजिन चालू करण्याआधी मागचा धूर जायचा पाइप बर्फानं बुजलेला नाही ना, ते बघा. फोनवर स्वतःच्या कंपनीचा सिग्नल दिसत नसला तरी ९११ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो जाऊ शकतो. जुना, सेवा बंद केलेला फोन गाडीत ठेवला असेल तर त्यावरूनही ९११ लागू शकतो, पण त्यावर ते उलट फोन करू शकत नाहीत, म्हणून जागा आधी सांगा. चुकून कॉल लागला तर घाबरून बंद करू नका, “चुकून लागला, सगळं ठीक आहे” एवढं सांगा. कोणी मागे लागलंय असं वाटलं तर थेट घरी न जाता ९११ लावा आणि उजेडाच्या, गर्दीच्या ठिकाणी किंवा पोलीस ठाण्याकडे गाडी न्या.

आणि आई-बाबांना? ९११ हा एकच आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर आणि गाडीत लावा, सोबत घरचा पत्ता. इंग्रजी अडलं तर फक्त “मराठी” म्हणायचं आणि फोन धरून ठेवायचा, हे शिकवा. अनेक केंद्रांना फोनवरून दुभाषी जोडून घेता येतो.

बॉस्टनच्या त्या पेटीला एकच काम होतं आणि ती ते न चुकता करायची. या आठवड्यात गाडीत मुलं असतील तर त्यांना एक खेळ लावा: मागची हिरवी पाटी कितव्या मैलाची होती? जो बरोबर सांगेल त्याला पुढचं गाणं निवडू द्या. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर सांभाळून चालवा मंडळी, आणि पोचलात की घरी एक फोन करा.