पाऊल, ताल आणि यंत्र

आषाढी वारीसाठीं देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेस लागली म्हणजे काटेवाडीस दुपारचा विसावा घेते. तेथें परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोंवतीं धांवून रिंगण करितात. वाटचालींत टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली चालते. तींत नवखा चुकला तर त्याची चूक कोणी मोजीत नाहीं. शेजाऱ्याच्या पायांकडे पाहून तो पुनः तालावर येतो. पाऊल मोजण्याचें काम मात्र जगानें आमच्या डोळ्यांदेखत यंत्राच्या हातीं दिलें. त्या यंत्राचा इतिहास या देखाव्याशेजारीं ठेवून पाहिल्यास कांहीं बोध होतो, असें आम्हांस वाटतें.

या खेळांचें बीज जपानांत पडलें. १९८६ सालीं बॅन्डाई कंपनीनें दूरदर्शनसंचावरील खेळांसाठीं पायांनीं दाबावयाची चटई विक्रीस आणिली. पण तिजवरील बहुतेक खेळ धांवण्याउडण्याचे होते. १९९६ मध्यें 'पॅराप्पा द रॅपर'नें गाण्याच्या ठेक्यावर कळ दाबावयास शिकविलें, आणि १९९८ मध्यें कोनामी कंपनीनें 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' काढून ताल बोटांतून पायांत उतरविला.

त्याची रचना साधी आहे. पायांखालीं पुढें, मागें, डावीकडे व उजवीकडे असे चार बाण असतात. पडद्यावर तसेच बाण खालून वर सरकतात, आणि माथ्यावरील खुणेशीं ते जुळतील त्याच क्षणीं पाय पडावा लागतो. प्रत्येक पावलास यंत्र तत्काळ शेरा देतें. चुका फार झाल्या कीं गाणें अर्ध्यावरच तोडतें. असा कठोर परीक्षक लोकांनीं आनंदानें कां पत्करिला? आमच्या मतें त्याचें कारण खेळगृहांत मागें उभी राहणारी गर्दी. अनोळखी माणसें भोंवतीं जमत, टाळ्या देत, पाहून शिकत आणि आपल्या पाळीची वाट पाहत. परीक्षा यंत्राची, पण आनंद मेळ्याचा. १९९९ मध्यें कोरियांतील अँडामिरो कंपनीनें 'पंप इट अप'मध्यें चार कोपरे व मध्य असे पांच पट्टे योजून पावलांस नवीं वळणें दिलीं.

त्याच वर्षीं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' प्लेस्टेशनवरून घरांत शिरलें. चटई आली, बाण आले, परीक्षकही आला. गर्दी तेवढी बाहेर राहिली. एकट्यानें नाचतां नाचतां खेळास व्यायामाचें रूप आलें. २००६ सालीं तर अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें मुलांच्या लठ्ठपणावर उपाय म्हणून तो आपल्या ७६५ सरकारी शाळांत नेण्याचें ठरविलें.

पुढील इतिहास आम्हांस या उणिवेची भरपाई वाटतो. २००९ मध्यें युबिसॉफ्टच्या 'जस्ट डान्स'नें बाणांऐवजीं पडद्यावर नाचणारी आकृति उभी केली. तिच्याकडे पाहून तसें हलावें, चौघांनीं मिळून नाचावें. चुकलें तरी गाणें थांबत नाहीं. २०१० मध्यें 'डान्स सेंट्रल'नें किनेक्टच्या कॅमेऱ्यानें सबंध शरीर न्याहाळिलें. पाहून शिकावें, चुकलें तरी चालत राहावें, सोबतीनें नाचावें, हें पावलीचें जुनें शहाणपण यंत्रास दहा-बारा वर्षांनीं असें सांपडलें.

तथापि एक अंतर उरतेंच. पडद्यावरील नर्तक कोणासाठीं थांबत नाहीं, आणि कॅमेरा आपणांस पाहतो तो गुण देण्यापुरता. दिंडींतला मृदंगी मात्र थकलेले पाय पाहून लय सांवरून घेतो. हे खेळ घरांत आले म्हणून आम्ही कपाळास आठ्या घालणार नाहीं. मूल जागचें उठून नाचतें हाही लाभच. पण वडील मंडळींनीं त्याच्याबरोबर एकदां चटईवर उभें राहावें, आणि वारीच्या दिवसांत सवड काढून त्यास काटेवाडीच्या वाटेवर न्यावें. चुकल्या पावलास शेजारी असतो हें त्यानें तेथें पाहिलें, म्हणजे यंत्राच्या शेऱ्याचें त्यास फारसें भय उरणार नाहीं.