चिलटांच्या घरची उलटापालट

केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घोंघावू लागतात. आपण ती हाताने वारतो आणि विसरून जातो. पण अशाच चिलटांनी जीवशास्त्रातील एका मोठ्या वादाला तोंड फोडले, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रत्येक जीवाच्या पेशींत गुणसूत्रे असतात. माळेत मणी ओवावेत तशी आनुवंशिक गुणांची बीजे, म्हणजे जनुके, त्यांवर ओळीने असतात. आता समजा, माळ दोन जागी तुटली आणि मधला तुकडा उलटा फिरून पुन्हा जोडला गेला. मणी तेच, क्रम तेवढा उलटा. अशी उलटापालट चिलटांत असते हे अमेरिकन शास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी १९२१ साली ओळखले. पुढे १९३३ साली पेंटर यांनी अळीच्या लाळग्रंथींतील अवाढव्य गुणसूत्रांवरचे पट्टे दाखविले आणि ही उलटापालट सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी दिसू लागली.

युक्रेनमध्ये जन्मलेले डोब्झान्स्की १९२७ साली अमेरिकेस गेले. तेथील रानचिलटांच्या तिसऱ्या गुणसूत्राचे अनेक प्रकार त्यांना आढळले. एकाचे नाव ‘स्टँडर्ड’, दुसऱ्याचे ‘चिरिकाहुआ’. या फरकाने चिलटाचे काही बरेवाईट होत नसावे, असे त्यांनाही आरंभी वाटे. मग त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन जॅसिंटो पर्वतावर, पिनॉन फ्लॅट्स येथे, महिन्यामहिन्याला चिलटे पकडून मोजदाद केली. काय दिसले? मार्चमध्ये ‘स्टँडर्ड’ सुमारे निम्मे, जूनमध्ये सुमारे तीस टक्के, आणि उन्हाळा सरता सरता पुन्हा वर! ‘चिरिकाहुआ’चे नेमके याच्या उलट. वर्षामागून वर्षे हेच. योगायोग काही दरसाल त्याच महिन्यात येत नाही. १९४३ साली त्यांनी लिहिले की हे निसर्गाच्या निवडीचे काम आहे.

पण मग एक प्रकार जिंकून दुसरा नष्ट का होत नाही? १९४६ साली डोब्झान्स्की आणि राइट यांनी पेटीत चिलटे पाळून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पंचवीस अंश उष्णतेत आरंभी थोडे असलेले ‘स्टँडर्ड’ वाढत वाढत सुमारे सत्तर टक्क्यांवर गेले आणि तेथेच थांबले. साडेसोळा अंशांत मात्र काहीच बदल झाला नाही. याचा अर्थ असा : चिलटाला एक गुणसूत्र आईकडून मिळते, एक बापाकडून. त्या उष्णतेत दोन्ही सारखी असलेल्यांपेक्षा दोन वेगळी असलेले चिलट अधिक तगते. सरस ठरते ती मिश्र जोडी. म्हणून दोन्ही प्रकार टिकतात.

हा लाभ कुठून येतो, बघा. मिश्र जोडीत उलट्या तुकड्यातील जनुकांची अदलाबदल जवळजवळ होत नाही. त्यामुळे त्या त्या जागी एकमेकांशी जुळलेली जनुके एकत्र राहतात. १९५० साली दूरदूरच्या प्रदेशांतील गुणसूत्रे एकत्र आणून पाहिली, तेव्हा मिश्र जोडीचा हा लाभ हमखास मिळेना.

वाद पेटला तो येथे. मुलर यांच्या मते बहुतेक जनुकांचे एकच उत्तम रूप असते, बाकीचे वैविध्य म्हणजे बहुतांशी ओझे. डोब्झान्स्की म्हणत, वैविध्य ही जातीची पुंजी आहे. प्रश्न नुसत्या चिलटांचा नव्हता. ‘आदर्श मनुष्य’ असा एकच साचा असतो का, हाही त्यात होता. पुढे कळले की सगळेच वैविध्य मिश्र जोडीच्या लाभाने टिकत नाही. काही निव्वळ योगायोगानेही राहते. उलटापालटीची गोष्ट मात्र पक्की ठरली. १९७८ साली चिलीत युरोपातील एका जातीची चिलटे आढळली. काही वर्षांतच तेथे थंड आणि उष्ण प्रदेशांप्रमाणे या प्रकारांचे प्रमाण युरोपातल्यासारखेच बदलत गेलेले दिसले.

शिक्षकबंधूंनी पिकल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवून ही चिलटे मुलांना अवश्य दाखवावीत, आणि विचारावे : जेथे मार्च आणि जून सारखे नसतात, तेथे बारा महिने एकच वाण उत्तम कसे ठरावे? एकाच पिकावर सारे वर्ष न सोपवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला उत्तर सुचायला वेळ लागणार नाही.