व्यावसायिक शिक्षण, शालेय स्तरावरील (महाराष्ट्र)

दहावी-बारावीच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमाऐवजी किंवा त्याच्या जोडीने एखाद्या व्यवसायाचे कौशल्य शिकवणारे शिक्षण. महाराष्ट्रात त्याचे प्रमुख मार्ग असे : आठवीपासून तांत्रिक विद्यालयांत शिकवले जाणारे विषय, अकरावी-बारावीचे द्विलक्ष्यी अभ्यासक्रम, त्याच स्तरावरील किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) आणि शाळेबाहेरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय). यादी भरगच्च आहे, तरी अकरावीला येणारी बहुसंख्य मुले कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांतच जातात. हातकामाविषयीची तुच्छता हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ती आहेच, पण त्याहून वजनदार कारण रचनेत आहे. जो मार्ग पदवीपर्यंत पोचत नाही किंवा अर्ध्यातून मागे फिरू देत नाही, तो कागदावर असूनही घराघरांत पर्याय म्हणून धरला जात नाही.

ही अडचण जुनी आहे. हंटर आयोगाने १८८२ मध्येच माध्यमिक शाळेत दोन शाखा सुचवल्या होत्या : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यवहारोपयोगी. मुले मॅट्रिककडेच वळली, कारण नोकरी आणि पुढचे शिक्षण दोन्ही तिकडे होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी व्यावसायिक शिक्षणात यावेत अशी अपेक्षा धरली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने अपेक्षा उतरवून उच्च माध्यमिक स्तरासाठी १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे लक्ष्य ठेवले. तेही गाठले गेले नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या हवाल्याने २०२० चे धोरण सांगते, की १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी आहेत. दर वेळी टक्केवारी नवी ठरली. पुढच्या वाटेचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

महाराष्ट्रातील दोन योजना शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात विज्ञानाचा विद्यार्थी दोन विषयांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा पीकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतो. भौतिक, रसायन आणि गणित हाताशी राहत असल्याने अभियांत्रिकीचे दार उघडेच असते. शहरांतील नावाजलेल्या महाविद्यालयांत या जागांसाठी चुरस लागते. एमसीव्हीसीत तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, गृहशास्त्र आणि निमवैद्यकीय गटांतले अभ्यासक्रम आहेत आणि प्रत्यक्ष कामाला तेथे कितीतरी अधिक वेळ मिळतो. पण तांत्रिक गटातून अभियांत्रिकी पदवीकडे सरळ जाता येत नाही. पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन वळसा घालावा लागतो. द्विलक्ष्यीची ओढ पुष्कळदा गुणांसाठी असते, हे मान्यच करायला हवे. तरीही राज्य तेच, पालक तेच, विषयही व्यावसायिकच. आवड उलटी झाली ती दार उघडे असण्यामुळे.

शाळेत व्यवसाय शिकवण्यावरचे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की पंधराव्या वर्षी मुलाला वायरमन किंवा फिटर ठरवणे म्हणजे जातीने वाटलेले काम शाळेच्या शिक्क्याने पुन्हा त्याच्याच वाट्याला देणे. वेगळी शाखा काढून गरिबांची मुले तिकडे वळवली, तर हा आक्षेप खराच ठरतो. परंतु हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात वाचन, लेखन, हिशेब, इतिहास आणि भूगोलाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले होते. उपयुक्त कौशल्याला त्यांचा विरोध नव्हता. ज्ञानाच्या जागी ते देण्याचा विचार त्यांच्या मागणीत नव्हता. दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांच्या तुलनेतून दाखवले, की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळते, पण तंत्र बदलल्यावर उतारवयात ते मागे पडतात. हा निष्कर्ष कौशल्य शिकवण्याविरुद्ध जात नाही. भाषा, गणित आणि विज्ञान लवकर सोडायला लावण्याविरुद्ध जातो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा, शेती आणि गृह-आरोग्य यांची कामे करतात आणि उरलेले दिवस नेहमीचे विषय शिकतात. दोन्ही आक्षेपांना इतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्या योजनेत सापडणे कठीण आहे.

उपलब्धता मोजताना म्हणूनच अभ्यासक्रमांची संख्या पुरेशी नाही. आयटीआय पूर्ण करणाऱ्यांना भाषाविषयांची परीक्षा देऊन दहावी किंवा बारावीची समकक्षता मिळवण्याची महाराष्ट्रातली सोय छोटी वाटते, पण बंद वाट तीच उघडते. समग्र शिक्षा योजनेतून नववीपासून आलेल्या विषयांचे पुष्कळ शिक्षक मात्र बाह्य संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. विषय वेळापत्रकात असतो आणि शिकवणारा पुढच्या वर्षी असेल की नाही, याची खात्री शाळेला देता येत नाही.